मनात गाणारी बदकं

आमच्या शाळेत बेसूर मूल नाही. एकही नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या मोठ्या बाई म्हणतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत फाटकावर तसा फलकही लागतो. बाकी सगळ्या प्रकारची मुलं आमच्याकडे आहेत. चावरी आहेत, रडकी आहेत, वर्गात आल्या आल्या बूट काढून दप्तरात भरून ठेवणारं एक आहे. पण बेसूर? नाव काढू नका.

मी या शाळेत वाजवते. म्हणजे मुलं गातात आणि मी कीबोर्डवर साथ करते. मला स्वतःला गाता येत नाही. लहानपणी माझ्या शाळेतल्या गाण्याच्या बाई पहिल्याच आठवड्यात माझ्याजवळ आल्या आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "तुझी बोटं छान आहेत. तू वाजव." मी हुरळून गेले. घरी येऊन आईला दहाही बोटं नाचवून दाखवली. तेव्हापासून जी वाजवतेय ती आजवर वाजवतेय, आणि माझ्या तोंडून गाण्याची एक ओळ कुणी ऐकलेली नाही. आंघोळीतसुद्धा नाही. पण पोटापाण्याची सोय झाली, चार लोकांत मान मिळाला. त्या बाईंचे उपकार मानावे तेवढे थोडेच, असं मी इतकी वर्षं समजत आले.

या वर्षी शाळेत गाण्याच्या नव्या बाई आल्या. मुलं त्यांना सूरताई म्हणायची, कारण तसं म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी आधी मोठ्या माणसांची समूहगीतं बसवली होती, त्यांना बक्षिसंही मिळवून दिली होती. आता चार-पाच वर्षांची मुलं हाताखाली आल्यावर त्या त्यांच्याकडे अशा बघायच्या, जशी शिवणकाम करणारी बाई उंदरांनी कुरतडलेल्या कापडाकडे बघते. आवाज मात्र त्यांचा सुरेख होता. खोटं कशाला बोलू? खणखणीत, भरलेला, कोपऱ्या-कोपऱ्यात पोचणारा. तो सुरेख आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

वार्षिक कार्यक्रमात बालवर्गाने एक समूहगीत म्हणायचं, ही शाळेची जुनी रीत. गाणं सूरताईंनीच रचलं.

बदक निघालं फिरायला,
चिखल लागला पायाला,
धू रे पाय, धू रे पाय,
पुन्हा निघू या फिरायला.

एवढंच. चार स्वरांत मावणारं, एका दमात पाठ होणारं, आणि कुणाच्या भावना दुखावतील असं त्यात काही नाही. बदकांनीच तक्रार केली तर गोष्ट वेगळी.

मुलांना ते बेहद्द आवडलं. पहिल्या दिवशी वर्गाच्या काचा हलल्या. कुणी एक ओळ पुढे, कुणी दोन ओळी मागे. एक मुलगा अख्ख्या गाण्यात फक्त "चिखल" एवढंच म्हणायचा, पण काय म्हणायचा! पायाखाली चिखल असल्यासारखा म्हणायचा. दोन वेण्यांची एक मुलगी होती, तिचा आवाज मात्र चहाच्या कपावर चमचा वाजवावा तसा नितळ. आणि या सगळ्यांच्या वरून, छपराला भोक पाडत, एक जाडाभरडा आवाज जायचा. तो भोंग्याचा.

भोंगा माझी भाची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. मी बहिणीकडेच राहते. मागची छोटी खोली माझी आणि माझ्या कीबोर्डची. पोरीला हे नाव शेजाऱ्यांनी दिलं, आणि शेजारी नेहमीच खोटं बोलतात असं नाही. ती उठता-बसता गायची. बूट घालताना गायची, तोंडात घास असताना गायची, आंघोळीला बसली की बादली बडवून गायची. सुराशी तिच्या आवाजाचं नातं लांबच्या पाहुण्यासारखं होतं, आला तर आला. खालच्या मजल्यावरचे काका काठीने त्यांचं छत ठोकायचे. भोंगा त्या ठोक्यांवर ताल धरायची आणि अजून दोन ओळी वाढवायची.

माझी बहीण दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांना "आ करा, अजून मोठा आ करा" म्हणते आणि घरी येऊन पोरीला म्हणते, "तोंड मीट." मेहुणा भला माणूस आहे. तो काही बोलत नाही, फक्त बातम्यांचा आवाज वाढवतो. त्या घरात त्या आवाजावर जीव टाकणारी मी एकटीच होते. दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्याला साथ करून मी दमून यायची आणि जिन्यातच वरून तो भोंगा ऐकू यायचा. तो ऐकला की माझ्या अंगातला शीण निम्मा उतरायचा.

तर तालमी सुरू झाल्या. पहिले काही दिवस सूरताईंनी कळ काढली. मग एके दिवशी मुलं गात असताना त्या रांगांमधून फिरायला लागल्या, कान पुढे करून, एकेका तोंडाशी थांबत. चिखलवाल्यापाशी आल्या. वाकल्या, त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाल्या, "तू मनात गा हं, राजा. ओठ हलवायचे, आवाज नाही करायचा. आणि ही बघ तुला चांदणी." त्यांनी त्याच्या हातावर एक सोनेरी चिकटचांदणी लावली. पोरगा हात उलटसुलट करून बघत बसला. चिखल त्याच्या डोक्यातूनच गेला.

भोंग्यापाशी त्यांना थांबून ऐकावं लागलं नाही. त्या दुरूनच वळल्या. दोन बोटं, खांदा, मध. "तू मनात गा हं, राणी."

"पूर्ण गाणं?" भोंग्याने विचारलं.

"पूर्ण गाणं."

"धू रे पाय पण?"

"ते तर अगदीच मनात."

मी मान वळवून बघितलं. बोटं माझी चालूच होती. छान आहेत ना ती.

मोठ्या बाईंना ही पद्धत इतकी पटली की त्यांनी तिला लगेच नाव दिलं. नाव दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वर्गातला पंखा बंद पडला की ते नैसर्गिक वातावरण असतं, खेळाचे सर आले नाहीत की ती मुक्त क्रीडा असते. तर ही मुलं झाली मनगायक.

"बेसूर हा शब्दच आपल्याकडे नको," शिक्षकांच्या खोलीत चहा ढवळत त्या म्हणाल्या. "काही मुलं बाहेरून गातात, काही आतून."

"आणि आतून गाणाऱ्यांचं ऐकायला बसायचं कुठे?" मी विचारलं.

"तुम्ही ना, फार तिरकं बोलता," मोठ्या बाई हसत म्हणाल्या. पण डोळे हसत नव्हते, म्हणून मी चहा प्यायला लागले.

आता सूरताई कितीही शिकलेल्या असल्या तरी एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. सुरात गाणाऱ्या मुलाला काही मिळत नव्हतं. त्याने गायचं आणि गप घरी जायचं. गप्प बसणाऱ्याला मात्र चांदणी मिळत होती, वर राजा-राणी म्हणून गाल कुरवाळून मिळत होता. चार वर्षांच्या माणसाला यातलं काय घ्यायचं ते बरोबर कळतं. पन्नास वर्षांच्या माणसालाही कळतं, फक्त तो तसं बोलून दाखवत नाही.

दोन वेण्यांची ती नितळ आवाजाची मुलगी एक दिवस सूरताई शेजारून जाताना त्यांच्या कानात कावळ्यासारखी ओरडली आणि लगेच हात पुढे केला. सूरताईंच्या चेहऱ्यावर फार वेदना दिसली, पण नियम म्हणजे नियम, चांदणी चिकटली. मग बाकीच्यांनी एवढीही तसदी घेतली नाही. "आम्ही पण मनात," म्हणून हात पुढे यायला लागले. वर्गाच्या बाईंना तर ही चांदणी म्हणजे वरदान वाटलं. हाताची घडी, तोंडावर बोट सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी दुकानातून चांदण्यांचं स्वतंत्र पाकीटच आणलं आणि गाणं असो नसो, जो गप्प बसेल त्याला लावत सुटल्या.

गाणं दिवसेंदिवस सुधारत गेलं, असं सूरताईंचं म्हणणं. त्या डोळे मिटून, हात हवेत तरंगवत, मुलांच्या पुढे उभ्या राहून गायच्या. मुलांना आधार म्हणून. गाणं संपलं की डोळे उघडून म्हणायच्या, "ऐकलंत? आता कसा एकच आवाज येतो!"

येत होता खरा. तो कुणाचा, हे माझ्याही लक्षात आलं नाही. कीबोर्डची वायर भिंतीतल्या बटणापर्यंत पोचवायची म्हणून मी मुलांकडे पाठ करून बसायची. आणि माझं मन तिथे नव्हतंच. ते घरी अडकलं होतं, कारण घर गप्प झालं होतं.

आधी ते कुणाला कळलं नाही. मग कळलं आणि सगळे खूश झाले. खालच्या काकांनी बहिणीला जिन्यात थांबवून सांगितलं, "मुलीला वळण लागलं हो." मेहुण्याने बातम्यांचा आवाज कमी केला. बहीण म्हणाली, "तुझी शाळा चांगली आहे बरं का, ताई. मला वाटलं नव्हतं."

एका सकाळी बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. भोंगा आत स्टुलावर बसून अंगावर पाणी घेत होती. तिचे ओठ हलत होते. "बदक"ला मिटत होते, "फिरायला"ला पसरत होते, अगदी सूरताईंनी घोटून घेतलं होतं तसे. आवाज नव्हता. एका हाताने ती बादलीवर ताल धरत होती, पण हात बादलीला लागू देत नव्हती. बोटभर वर थांबवत होती. तो अधांतरी थांबणारा एवढासा हात मला बघवला नाही.

"भोंगे, मोठ्याने म्हण ना गं," मी म्हणाले.

"मोठ्याने म्हटलं की गाणं बिघडतं, मावशी," तिने मला समजावलं. "मनात नाही बिघडत."

मी बहिणीशी बोलले. ती ओट्यापाशी उभी होती, मागे वळली पण नाही.

"तुला काय तिला मोठी गायिका करायचीय?"

"मला काही करायचं नाही. मला ती होती तशी हवीय."

"मग ती होती तशी असताना काकांची काठी तू ऐकून घ्यायची होतीस. तेव्हा बरी खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावून वाजवत बसायचीस." बहिणीशी बोलण्यात हा एक त्रास असतो. ती खरं बोलते.

दुसऱ्या दिवशी मी सूरताईंना व्हरांड्यात गाठलं.

"माझ्या भाचीला गाऊ द्या," मी म्हणाले.

"अहो, गातेय की! ओठ किती स्वच्छ हलतात तिचे, बघितलं नाहीत तुम्ही? माझ्या मनगायकांत ती पहिली."

"सूरताई, ती पाच वर्षांची आहे. येत नाही म्हणून तर शिकायला पाठवलीय."

"हे बघा, एका नासक्या आंब्याने..." त्या थांबल्या, आणि आंबा गिळून म्हणाल्या, "म्हणजे, कार्यक्रमाला अध्यक्ष येणार आहेत. संस्थेचे अध्यक्ष. एक स्वर इकडचा तिकडे झाला तर माझी शोभा होईल."

"मग मुलं कशाला उभी करता? त्यांचे फोटो उभे करा आणि तुम्हीच गा."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुम्ही स्वतः कधीच गात नाही ना?" त्या हळुवार आवाजात म्हणाल्या. "मग तुम्हाला नाही कळायचं."

एरवी मी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी बाई. पण त्या दिवशी मी वर्गात गेले आणि कीबोर्डची वायर भिंतीत खुपसली.

मग मी माझ्यापरीने एक डाव रचला. संध्याकाळी भोंग्याला माझ्या खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"कार्यक्रमात मी स्टेजवर तुमच्याकडे तोंड करून बसणार आहे. मी अशी मान खाली केली की तू मोठ्याने गायचं. निघेल तेवढा आवाज काढायचा."

"सूरताई रागावतील."

"त्यांचं मी बघते."

"चांदणी काढून घेतील?"

"मी तुला पाकीटभर आणून देईन."

तिने बराच विचार केला. मग "बरं" म्हणाली आणि टाळी दिली. एकदा, फक्त एकदा, भरल्या सभागृहात तिचा आवाज तिच्या कानांवर पडू दे, आणि त्याने आभाळ कोसळत नाही हे तिला दिसू दे, की माझी पोर मला परत मिळेल, असा माझा हिशेब होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. मुलांच्या डोक्यांवर पिवळ्या टोप्या, टोप्यांना पुढे पुठ्ठ्याच्या चोची. आया-बाबांचे मोबाइल वर झालेले. पहिल्या रांगेत मध्यभागी अध्यक्ष, कानाला ऐकण्याचं यंत्र लावून, हातात पुष्पगुच्छ धरून बसलेले. त्यांच्या शेजारी सूरताई. त्यांना तिथे मोठ्या बाईंनीच बसवलं होतं. "आज तुम्ही गायचं नाही हं," त्यांनी बजावलं होतं. "लोकांना मुलांचे आवाज ऐकायचेत." सूरताईंना ते थोडं लागलं, पण मुलांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. बाजूच्या खुर्चीवरून त्यांनी हात तेवढा वर केला.

मी सुरुवातीचे स्वर वाजवले. सगळ्या चोची एकदम वर झाल्या. "बदक"ला सगळे ओठ एकदम मिटले, "फिरायला"ला एकदम पसरले. असा एकोपा मी आयुष्यात पाहिला नाही. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. आणि आवाज? पंख्याचा होता. माझ्या कीबोर्डचा होता. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं, त्याचा होता.

पहिल्यांदा मला वाटलं, माझेच कान गेले. अध्यक्षांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी यंत्र काढलं, त्यात फुंकर मारली, पुन्हा घातलं आणि पुन्हा काढलं. आया-बाबा मोबाइल कानाला लावून बघायला लागले. मग मागून एक बाबा ओरडला, "माईक! अहो, माईक!" आणि अख्खं सभागृह माईकवाल्यावर तुटून पडलं. तो बिचारा वायरींच्या भेंडोळ्यात पेंगत होता. दचकून उठला, स्टेजवर आला, माईकवर टिचकी मारली. खिडक्यांची तावदानं थरथरली. "हॅलो, हॅलो," तो म्हणाला, आणि पुढचंही माईकमध्येच बोलला: "माईक चालू आहे. पोरं बंद आहेत."

तेव्हा मी नीट बघितलं. प्रत्येक चोचीखाली एक हात, प्रत्येक हातावर चांदणी. सगळीच्या सगळी बदकं अळीमिळी गुपचिळी. सूरताईंना वाटलं होतं, बाकीची गातात. वर्गाच्या बाईंनाही तसंच वाटलं होतं. प्रत्येक बदकालाही तसंच वाटत असणार, कारण कुणाचाच चेहरा गोंधळलेला नव्हता. सगळी मन लावून गात होती.

मला हसू फुटायला हवं होतं. पण मला वाटलं, हीच ती वेळ. आता एकच आवाज लागणार आहे, आणि तो कसाही चालेल. आज त्याला नावं ठेवायला दुसरा आवाजच नाही. मी पुन्हा सुरुवातीचे स्वर वाजवले. भोंगा माईकच्या अगदी पुढ्यात उभी होती. मी तिच्याकडे बघून मान खाली केली. तिने बघितलं. मी पुन्हा केली, इतकी खाली की कपाळ कीबोर्डला लागलं असतं.

"गा गं," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

भोंग्याने हात वर करून मला चांदणी दाखवली. "मावशी," ती म्हणाली, आणि तो जाडाभरडा, माझा लाडका आवाज माईकमधून शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, "मी गातेय ना. मनात. छान होतंय."

माझी बोटं थांबली. आयुष्यात पहिल्यांदा गाण्याच्या मध्ये थांबली.

कुणीतरी फिसकन हसलं. सूरताईंनी तोंडावर रुमाल धरला. आता शाळेचं नाक कापलं जाणार असं वाटलं, तेवढ्यात मोठ्या बाई उठल्या. या बाईंना बुडत्या जहाजात बसवा, त्या त्याला जलविहार म्हणतील. शांतपणे स्टेजवर आल्या, भोंग्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक हातात घेतला.

"या चिमुकलीने आत्ता जे सांगितलं," त्या म्हणाल्या, "तेच आज आम्हाला तुमच्यापुढे मांडायचं होतं. मनगीत! बाहेर किती गोंगाट आहे. आपण मुलांना आणखी गोंगाट करायला शिकवायचं का? आमची मुलं आतून गातात. आत्ता तुमच्यापैकी ज्यांना गाणं ऐकू आलं नाही, त्यांनी स्वतःला विचारावं, आपण आतून ऐकत होतो का? मौनं सर्वार्थसाधनम्!"

आता सांगा, यानंतर "मला ऐकू आलं नाही" म्हणायची कुणाची छाती होती? पहिली टाळी त्याच मागच्या बाबाने वाजवली, ज्याने माईकच्या नावाने बोंब मारली होती. मग सगळं सभागृह उठलं. अध्यक्ष म्हणाले, इतकं निर्दोष गायन त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, एक स्वर चुकला नाही. पुढच्या वर्षी सगळ्या इयत्तांनी मनगीत म्हणावं. सूरताईंना पुष्पगुच्छ मिळाला. त्या रडल्या, आणि मला वाटतं, खरंच आनंदाने रडल्या. एक आई दुसरीला सांगत होती, "आमच्या ह्याचे ओठ सगळ्यांत ठळक होते, बघितलंत?" आणि मनगीताला माईक किती लागतील, यावर मोठ्या बाई माईकवाल्याशी बोलत होत्या.

बहीण आणि मेहुणा फोटोंसाठी थांबले. बहिणीचा चेहरा फुलला होता. "किती गुणी दिसत होती गं," ती म्हणाली. मी भोंग्याचा हात धरला आणि निघाले.

दुपारची वेळ होती, रस्ता रिकामा होता. भोंगा फरशांच्या रेघा चुकवत चालली होती आणि तिचे ओठ हलत होते.

"मान हलवली होती ना मी? टाळी दिली होतीस ना?"

"मी गायले, मावशी," ती म्हणाली. "तुला ऐकू नाही आलं? तू पण आतून ऐकायचं ना."

मला काय झालं कोण जाणे. इस्त्रीच्या दुकानापुढे मी उभी राहिले, तोंड उघडलं आणि गायले. मी. "बदक निघालं फिरायला." कित्येक वर्षं न उघडलेल्या पेटीचं झाकण करकरावं तसा आवाज निघाला. "फिरायला"ला तो भलतीकडेच फिरायला गेला. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालायची थांबली. माझे कान तापले होते, लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी फार बरं वाटत होतं. "चिखल लागला पायाला," मी ओरडले. आता ही खदखदून हसेल, मला वाटलं. हसेल आणि "मावशी, असं नाही गं" म्हणून स्वतः सुरू करेल. धू रे पाय म्हणून रस्ता डोक्यावर घेईल.

भोंगा थांबली. माझ्याकडे बघत राहिली. ती हसत नव्हती. तिला माझी कीव आली होती. तिने मला खाली वाकायची खूण केली. मी वाकले. तिने माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली.

"तू मनात गा हं, राणी," ती म्हणाली. मधात बुडवलेला आवाज.

मग तिने नखाने स्वतःच्या हातावरची चांदणी सोडवली आणि माझ्या हातावर लावली. एक कोपरा चिकटेना, तर अंगठ्याने दाबून धरला. तोवर माझे डोळे भरून आले होते.

"रडू नकोस, मावशी," ती म्हणाली. "तुझी बोटं छान आहेत. तू वाजव."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरी मी ती गोष्ट कधी काढली नव्हती. ज्याला गप्प करायचं त्याच्या हातावर काय ठेवायचं, हे तिचं तिलाच कळलं होतं.

मी तोंड मिटलं. मग आम्ही दोघी घरी आलो, जिना चढलो, आणि खालच्या काकांना काहीसुद्धा ऐकू आलं नाही.